चिमूटभर मीठ, मूठभर गूळ: घरी बनवलेल्या एका औषधाचं प्रकरण

घरी औषध बनवता येतं का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. आजीचा बटवा होताच की, हे एक. दुसरं असं, की औषध ही कारखान्याची आणि डॉक्टरांची गोष्ट, घरच्यांनी त्यात हात घालू नये. दोन्ही उत्तरं ऐकली की मला बांगलादेशातलं 1980 ते 1990 या काळातलं एक काम आठवतं. तिथे एका संस्थेने खेड्यापाड्यांतल्या 1.2 कोटींहून अधिक घरांत जाऊन बायांना एक औषध स्वतःच्या हाताने बनवायला शिकवलं. हा काढा नव्हता की चाटण नव्हतं. माणूस काही तासांत जाऊ शकतो अशा आजारावरचं, रुग्णालयात मोजूनमापून पारखलेलं औषध होतं. आणि ते चुकीचं बनलं तर मूल दगावू शकतं, हे शिकवणाऱ्यांना पुरतं ठाऊक होतं.

म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे. शक्यता आणि धोका दोन्ही इथे आकड्यांत सापडतात. घरगुती औषधांच्या बाबतीत असं फार क्वचित होतं.

आजार काय, औषध काय

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, जंतूचं विष लहान आतड्याला पाणी ओतायला लावतं. जोरात असताना मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. मरण येतं ते अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. साध्या हगवणीतही लहान मुलांचं तेच होतं, फक्त सावकाश. गेलेलं पाणी वेळेत भरून काढलं तर बहुतेक रोगी वाचतात, कारण जंतूंचा जोर काही दिवसांत आपोआप ओसरतो.

पाणी भरून काढायचा जुना मार्ग म्हणजे सलाईन. त्याला बाटली लागते, सुई लागते, शीर सापडणारा हात लागतो आणि दवाखान्यापर्यंतचा रस्ता लागतो. पावसाळ्यात अर्धा मुलूख पाण्याखाली जाणाऱ्या बांगलादेशात यातलं काहीच हाताशी नव्हतं. नुसतं पाणी पाजून भागत नाही, कारण आतडं ते धरून ठेवत नाही. 1960 च्या सुमारास शरीरशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. पटकीचं विष या वाटेला धक्का लावत नाही. म्हणजे मीठ आणि साखर योग्य प्रमाणात असेल, तर जुलाब चालू असतानाही पाणी आत शिरतं.

ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी 1968 मध्ये हे रोग्यांवर दाखवून दिलं. जेवढं बाहेर जातं तेवढं मोजायचं आणि तेवढंच पाजायचं, या पद्धतीने सलाईनची गरज सुमारे चार पंचमांशाने घटली. त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1953 मध्ये, कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जींनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून पटकीचे रोगी बरे केल्याचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्याचा ताळा नव्हता. घरगुती औषधाच्या चर्चेत हा तपशील महत्त्वाचा ठरतो: नुस्खा बरोबर होता, पण तो बरोबर आहे हे दुसऱ्याला पटवायचं साधन सोबत नव्हतं.

1971 च्या युद्धात पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. तिथले डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्याजवळचं सलाईन संपत आलं. त्यांनी लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण कोलकात्यात पिशव्यांत भरून घेतलं, छावणीत पिंपांत कालवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. त्याआधी तिथे मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होतं. हे पाणी मिळालेल्या सुमारे 3,700 रोग्यांत ते 3.6 टक्क्यांवर आलं. महालनबीस 2022 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. उशीरच म्हणायचा.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. बनगावला औषध पाजलं नातेवाइकांनी, पण तराजूवर तोललं जाणकारांनी. तराजूही घराच्या हाती सोपवायचं धाडस त्यानंतर झालं.

तराजूऐवजी बोटं

फजले हसन आबेद यांनी 1972 मध्ये उभी केलेली 'ब्रॅक' ही संस्था 1979 साली सुनामगंजच्या सुल्ला भागात हा प्रयोग करू लागली. अशा मिश्रणाची तयार पाकिटं देशभर पोचवावीत तर तेवढी बनत नव्हती, बनली तरी पावसाळ्यात गावापर्यंत जात नव्हती. मग घरात जे असतंच त्यावर भिस्त ठेवली. मीठ प्रत्येक घरी असतं. साखर नसते, गूळ असतो. गुळात पोटॅशियमही असतं आणि जुलाबात ते अंगातून जातच असतं, म्हणजे पांढऱ्या साखरेपेक्षा गूळ सरस. नुस्खा ठरला तो असा: तीन बोटांच्या पहिल्या पेरापर्यंत येईल एवढी चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. नाव 'लोबोन-गुड', म्हणजे आपलं मीठ-गूळ.

चिमटीवर कुणाचा जीव सोपवायचा, हे ऐकूनच कुठल्याही औषधनिर्मात्याच्या अंगावर काटा यावा. पण हिशेब करून पाहू. द्रावणात मिठातलं सोडियम किती असावं, याची संस्थेने सुरक्षित आणि गुणकारी मानलेली कक्षा होती लिटरला 30 ते 99 मिलिमोल (मिलिमोल हे रसायनशास्त्रातलं माप). एक ग्रॅम मिठात सुमारे 17 मिलिमोल सोडियम असतं आणि अर्धा शेर म्हणजे 466 मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे चिमूट 0.85 ग्रॅमची पडली काय आणि 2.7 ग्रॅमची पडली काय, पाणी कक्षेतच राहतं. बाईचा हात लहान असो की मोठा, मीठ बारीक असो की जरा जाड, तिपटीहून जास्त फरक पोटात घालणारं हे औषध आहे. घरी बनवण्याजोगं औषध कुठलं आणि कुठलं नाही, याची पहिली चाळणी इथेच लागते. ज्या औषधात गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत एवढं अंतर नाही, ते औषध चिमटीने बनत नाही.

हाच हिशेब पुढे नेला तर खरी मेख कुठे आहे तेही दिसतं. समजा चिमूट बरोबर पडली, 1.7 ग्रॅमची. पण अर्ध्या शेराऐवजी पाव लिटरच्या पेल्यात कालवली. सोडियम 116 मिलिमोलवर गेलं, कक्षेबाहेर. तीच चिमूट लिटरभर तांब्यात टाकली तर 29, म्हणजे अळणी आणि कुचकामी. बोटांनी होणाऱ्या चुकीपेक्षा भांड्याने होणारी चूक मोठी. आणि भांडी घरोघरची वेगळी. म्हणून शिकवायला आलेली बाई प्रत्येक घरातलं एक भांडं निवडून त्यावर अर्ध्या शेराची खूण करून देई. 1982 मध्ये बांगलादेशाने मेट्रिक मापं स्वीकारली आणि शेराची जागा लिटरने घेतली. अर्धा शेर आणि अर्धा लिटर यांत सात टक्क्यांचा फरक. या औषधाला त्याने काही होत नाही. अरुंद मात्रेच्या औषधात असा बदल मुकाट्याने झाला असता, तर गोंधळ उडाला असता.

दोन बाजूंच्या चुका सारख्या नाहीत, हेही सांगायला हवं. मीठ कमी पडलं तर औषध लागू पडत नाही, पण ते पाणी स्वतः इजा करत नाही. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं, मूल आधी चिडचिडं होतं, मग झटके येऊ शकतात, मेंदूला इजा होऊ शकते. गूळ-साखर जास्त झाली तर आतड्यातच पाणी ओढलं जाऊन जुलाब वाढतात. म्हणून या उपचाराच्या शिकवणुकीत एक सोपी कसोटी जगभर सांगितली गेली: आधी आपण चाखून बघायचं, पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. हे मोजमापाला पर्यायी नाही. पण मुठीने-चिमटीने केलेली सगळ्यात घातक चूक, दामदुप्पट मीठ, जिभेला कळते.

कच्चा मालही असाच विचारात घ्यायला हवा. मीठ आणि गूळ घरचे लोक रोज खातात. त्यात काही भलतंसलतं असतं, तर जेवणातूनच कळलं असतं. म्हणजे शुद्धतेची तपासणी औषध बनवण्याआधी, बाजारात आणि ताटात, होऊन गेलेली असते. राहतं पाणी. उकळून गार केलेलं पाणी उत्तम, यात वाद नव्हता. पण सरपण महाग, मूल मात्र आत्ता जुलाबाने गळून गेलेलं. ब्रॅकने उकळण्याचा आग्रह धरला नाही. मूल एरवीही तळ्याचं-विहिरीचं तेच पाणी पीत होतं. मिठा-गुळावाचून प्यायलं असतं तर जास्त वाईट झालं असतं. ही तडजोड मला पटते, पण ती पाण्यापुरतीच. इंजेक्शनच्या किंवा डोळ्यांत घालायच्या औषधाला तीच लावली, तर माणूस मरेल किंवा आंधळा होईल.

शिकवणं आणि तपासणं

नेमणुका झाल्या त्या बहुतेक गावाकडच्या, शाळा शिकलेल्या तरुण बायांच्या. तुकडीने गावागावात मुक्काम, सोबत स्वयंपाकी आणि एक पुरुष पर्यवेक्षक. घरोघर जाऊन, ओसरीवर बसून, तोंडी शिकवायचं. भित्तिपत्रकं लावून मोकळं व्हायचं नाही. आधी 'लक्षात ठेवायच्या दहा गोष्टी' होत्या, पुढे त्या सातवर आणल्या. जुलाब म्हणजे काय, पाणी कमी पडल्याची खूण कोणती, द्रावण कसं बनवायचं, कधी आणि किती द्यायचं, अंगावरचं दूध आणि जेवण तोडायचं नाही. हे शेवटचं शिकवणं सोपं नव्हतं. हगवण लागली की पोटाला आराम म्हणून खाणंपिणं बंद करायचं, ही समजूत तिकडेही होती आणि आपल्याकडे आजही घराघरांत भेटते. शिकवणारीने करून दाखवल्यावर आईने स्वतःच्या हाताने, शिकवणारीच्या डोळ्यांदेखत द्रावण बनवायचं. मग शिकलेलं तिने आपल्या शब्दांत परत सांगायचं.

खरी मौज इथून पुढे आहे. काही दिवसांनी दुसरीच व्यक्ती, तपासनीस, त्या गावात जाई. घरांच्या यादीतून काही घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची. त्या घरच्या बाईला सगळं आठवतं का ते विचारायचं. तिला द्रावण बनवायला सांगायचं आणि त्यातलं थोडं बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे क्लोराइड मोजलं जाई. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, तेव्हा क्लोराइड कळलं की सोडियम कळलं. या निकालावर घराला श्रेणी मिळे आणि त्या श्रेणीवर शिकवणारीचे पैसे ठरत. आईला सगळं नीट आठवतं आणि द्रावणही बरोबर, तर पूर्ण पैसे. कमी तर कमी. अजिबात जमलं नाही तर त्या घराचे काहीच नाहीत. किती घरं केली याला किंमत नव्हती, किती घरांत ते टिकलं याला होती.

आपल्याकडच्या सरकारी योजनांत 'एवढ्या महिलांना प्रशिक्षण दिले' असा आकडा वर्षअखेरीस छापून येतो. त्यापुढे ही पद्धत ठेवून पाहावी. घरी बनणाऱ्या औषधाचा दर्जा घराबाहेरून तपासणारी यंत्रणा म्हणजेच हा कार्यक्रम होता, असं मी म्हणेन. नुस्खा एका ओळीत मावतो. दहा वर्षं आणि माणसं लागली ती तपासणीला.

सगळं येतं, तरी कुणी करत नाही

आणि तरीही घोळ झाला. बायांना सात-दहा गोष्टी तोंडपाठ होत्या, द्रावण प्रयोगशाळेत उत्तीर्ण होत होतं. पण प्रत्यक्ष मूल आजारी पडल्यावर ते वापरलं जात होतं दहातल्या एकाहूनही कमी वेळा. प्रशिक्षण यशस्वी, औषध पडून.

शोध घेतल्यावर तीन कारणं पुढे आली. पहिलं लाजिरवाणं होतं: शिकवणाऱ्यांचाच त्यावर विश्वास नव्हता. त्यांना स्वतःला जुलाब झाले की त्या दुकानातली औषधं घेत. मीठ-गुळाने काय होतंय! समोरच्या बाईला हे न बोलता कळत होतं. मग शिकवणाऱ्यांना ढाक्याच्या रुग्णालयात नेऊन, डोळे खोल गेलेले रोगी काही तासांत उठून बसताना दाखवले. शास्त्र समजावून सांगितलं. आईसमोर स्वतः घोटभर पिऊन दाखवायचं, असंही ठरलं.

दुसरं कारण पुरुष. घरात मीठ-गूळ बाईच्या हातात, पण डॉक्टर आणायचा की नाही, बाजारातून काय आणायचं, हे ठरवणार नवरा नाहीतर सासरा. त्याच्या कानावर या औषधाचं नावच गेलेलं नव्हतं. मग बाजारात, मशिदीत, शाळेत पुरुषांच्या सभा सुरू झाल्या, रेडिओ-टीव्हीवरून सांगणं सुरू झालं.

तिसरं सगळ्यात बारीक. संस्थेच्या लेखी 'जुलाब' हा एकच आजार होता. गावातल्या बायांच्या लेखी चार: अंगावर पिणाऱ्या बाळाची दुधाची हगवण, अजीर्ण, आव, आणि पाण्यासारखा भयंकर 'डायरिया', म्हणजे पटकीच्या जातीचा. शिकवणारी जे सांगून गेली ते चौथ्यासाठी, असा त्यांनी अर्थ लावला. तो होताच मुळात कमी. रोजच्या तीन प्रकारांना त्यांचे जुने उपाय होते. आपल्याकडेही आव पडली की बाळंतशेप-मुरुडशेंग, अजीर्णाला ओवा, आणि 'उलटी-जुलाब' झाले तरच दवाखाना. तेव्हा हे समजायला जड जाऊ नये. पुढे शिकवताना या चारही आजारांची नावं घेऊन सांगायला सुरुवात झाली. वापर हळूहळू वाढला.

औषध घरी बनतं म्हणजे निदानही घरीच होतं, हा यातला न बोलला जाणारा भाग. कारखान्यात गोळी बनवणाऱ्याला निदान करावं लागत नाही. इथे एकाच बाईला रोग ओळखायचा, औषध बनवायचं, मात्रा ठरवायची आणि परिणाम पाहायचा. हगवणीच्या बाबतीत हे जमलं, कारण लक्षण समोर दिसतं आणि परिणामही काही तासांत दिसतो: मूल टवटवीत होतं, लघवी होते, रडताना डोळ्यांत पाणी येतं. रक्तदाबावर, साखरेवर किंवा थायरॉइडवर घरी काही बनवून घेतलं, तर ते लागू पडतंय की नाही हे महिनोन्‌महिने अंगाला कळतसुद्धा नाही.

पाकिटाकडे परत

पुढे पाकिटं स्वस्त झाली, दुकानादुकानांत मिळू लागली आणि घरचं मीठ-गूळ मागे पडत गेलं. जागतिक आरोग्य संघटनेचाही घरगुती मीठ-साखर द्रावणावरचा भर कमी होत गेला. घरगुती मोजमापात चुका होतात हे उघड होतं, तेव्हा पाकीट नसेल तर पेज, भाताचं पाणी, डाळीचं पाणी, ताक असे पातळ पदार्थ द्यावेत, असा कल झाला. त्यांत जास्त मिठाचा धोका कमी, कारण ते चवीने बनतात. 2002 मध्ये पाकिटाचं सूत्रही बदललं. लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट. सोडियम 90 वरून 75 वर आलं, साखरही घटली आणि ओकाऱ्या-जुलाबांचं प्रमाण कमी झालं. 2004 पासून त्याच्या जोडीला मुलांना दहा ते चौदा दिवस झिंक देण्याची शिफारस आहे. झिंक कुठल्याही स्वयंपाकघरात बनत नाही.

म्हणजे ब्रॅकचं औषध फसलं का? मला तसं वाटत नाही. पाकीट आलं तेव्हा ते कशासाठी, कधी आणि किती द्यायचं हे लाखो घरांना आधीच माहीत होतं. ओआरएसच्या, म्हणजे पाकिटातल्या या मीठ-साखर मिश्रणाच्या, वापरात बांगलादेश आज जगात वरच्या रांगेत आहे. भारतात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे 61 टक्क्यांनाच ओआरएस मिळालं होतं. आशाताईंकडे जलसंजीवनीची पाकिटं असताना ही स्थिती आहे.

हे इतर औषधांना लावता येईल का

2015 मध्ये अमेरिकेत ट्युरिंग या कंपनीने डाराप्रिम या जुन्या गोळीची किंमत साडेतेरा डॉलरवरून 750 डॉलर केली. पुढच्या वर्षी सिडनीच्या एका शाळेतल्या मुलांनी, सिडनी विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली, त्या गोळीतलं मूळ द्रव्य शाळेच्या प्रयोगशाळेत बनवलं: 3.7 ग्रॅम, खर्च सुमारे वीस डॉलर. बातमी जगभर गाजली आणि 'मग घरी का नको' हा प्रश्नही जोरात आला. मुलांनी कंपनीची हाव उघडी पाडली, हे खरंच. पण आपण बनवलं ते तेच द्रव्य आहे आणि त्यात दुसरं काही नाही, हे विद्यापीठातल्या यंत्रांशिवाय त्यांना सांगता आलं नसतं. डोळ्यांना सगळी पांढरी पूड सारखीच दिसते. मिठा-गुळाला जी तपासणी ताटात फुकट मिळाली होती, ती इथे लाखो रुपयांची यंत्रं करतात. शिवाय त्या द्रव्याची अचूक मात्रेची गोळी बनवणं हे आणखी वेगळं काम. त्या मुलांनी ते केलं नाही, करायचा दावाही केला नाही.

आणि तपासणी चुकली तर कारखानाही माणसं मारतो, हे मुंबईने पाहिलेलं आहे. 1986 मध्ये जे. जे. रुग्णालयात 14 रोगी दगावले, कारण त्यांना दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होतं. दिसायला सारखं, चवीलाही गोड. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. परवानाधारक उत्पादक, सरकारी खरेदी, मोठं रुग्णालय, एवढं सगळं असूनही मधली तपासणी गळाली आणि औषध विष झालं. इंटरनेटवरची कृती वाचून कुणी मोरीतल्या फळीवर औषध बनवायला बसतो, तेव्हा त्याच्याकडे जे. जे.मध्ये गळालेली ती एक पायरी मुळातच नसते. आपण घेतलेला कच्चा माल काय आहे, हे त्याला विकणाऱ्याच्या चिठ्ठीवरून मानावं लागतं.

महागाई, तुटवडा यांना कंटाळून, डॉक्टरांबद्दलच्या अढीपोटी लोक या वाटेला जातात, ते कारण खोटं नाही. बांगलादेशातही कारण तेच होतं. फरक एवढाच, की तिथे आधी असं औषध निवडलं गेलं जे चूक सोसतं, आणि मग ती चूक पकडायला माणसं नेमली गेली.

आपल्या स्वयंपाकघरात

आपल्याकडे सांगितलं जाणारं घरगुती प्रमाण आहे लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. अर्धा चमचा बारीक मीठ म्हणजे तीनेक ग्रॅम, सोडियम 50 च्या आसपास: मुद्दाम कमी बाजूला ठेवलेलं. पण मराठी घरात 'चमचा' मागितला, तर हातात पोह्यांचा चमचाही येतो, आणि मीठ शिगोशीग घेतलं जातं. तेवढ्याने मीठ दुप्पट-तिप्पट होतं आणि कक्षा ओलांडते. म्हणून पाकीट मिळत असेल तर पाकीटच. घरचं पाणी हे पाकीट येईपर्यंतचं. मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नाही, सारखं ओकतंय, शौचातून रक्त जातंय, डोळे खोल गेलेत किंवा लघवी थांबलीय, तर दोन्हींवर विसंबून न राहता दवाखाना.

पाकिटातही चूक होतेच. एक लिटरचं पाकीट पेल्यापेल्याने, थोडी थोडी पूड टाकून दिलं जातं. बाकीची पूड पुडीत गुंडाळून फडताळात. पहिल्या पेल्यात मीठ किती आणि शेवटच्या पेल्यात किती, हे कुणीच सांगू शकणार नाही. बांगलादेशातलं प्रचलित पाकीट अर्ध्या लिटरचं, 10.25 ग्रॅमचं आहे, आणि मला ते जास्त शहाणपणाचं वाटतं. लहान मुलाला एका दिवसात संपेल एवढंच एका वेळी बनतं. उरलेलं 24 तासांनी फेकायचं असतं, तेव्हा वायाही कमी जातं.

दुसरी भानगड दुकानातली. ओआरएस असं नाव मिरवणारी, साखरेने गच्च भरलेली फळांच्या चवीची पेयं वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानांत जुलाबाच्या मुलांसाठी विकली गेली. जास्त साखरेने जुलाब वाढतात, हे वर आलंच आहे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी घेताना वेष्टनावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, ते वाचून घ्यावं.

मापाचा प्रश्न मात्र, कुणीही योजना न आखता, बराचसा सुटला आहे. ब्रॅकच्या बायांना घरोघरच्या भांड्यावर खूण करावी लागत होती. आज वाडीवस्तीवरही पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली सापडते, आणि तिच्यावर एक लिटर असं छापलेलं असतं. आमच्याकडच्या काही आशाताई पाकीट देताना तीच बाटली धुऊन आणायला सांगतात.